मोडशीनं ओस पाडलेलं शहर: जुन्या गोव्यातले पाच दिवस

पहिला दिवस

कुडाळहून दुपारची गाडी धरली आणि भर पावसात करमळीला उतरले. कोकण रेल्वेच्या या छोट्या स्टेशनाला लागूनच करमळीचं तळं आहे. थंडीत इथे पक्षी बघायला लोक दुर्बिणी घेऊन येतात. आता श्रावण सरत आलेला, तळं काठोकाठ, पाणी कुठलं आणि हिरवळ कुठली ते कळू नये असं. बाकीची माणसं डोक्यावर पिशव्या धरून रिक्षांकडे धावली. मी मात्र छत्री उघडून थोडा वेळ तिथेच थांबले. ज्या शहरासाठी मी आले होते, त्याच्या मरणाचं खापर जुन्या लोकांनी या तळ्याच्या माथी फोडलं होतं. तळ्यातून विषारी वारा उठतो आणि माणसं मरतात, असं तेव्हा मानत.

जुन्या गोव्याला आपण शाळेच्या सहलीत जातो, बॉम जेझूच्या चर्चमध्ये संत झेवियरची शवपेटी बघतो, समोरचं से कॅथेड्रल बघतो, हिरवळीवर फोटो काढतो आणि मंगेशीला निघतो. मीही तीनदा असंच केलं. मग एकदा लक्षात आलं की एवढी प्रचंड चर्चेस हिरवळीवर उभी आहेत, पण त्यांच्यात प्रार्थनेला येणारी माणसं राहत कुठे होती? घरं कुठे गेली? बाजार कुठे गेला? एके काळी इथे दोन लाखांच्या घरात वस्ती होती असं सांगतात. गोवा पाहिलं त्यानं लिस्बन नाही पाहिलं तरी चालेल, अशी पोर्तुगीजांत म्हणच होती. या वेळी मला ते नसलेलं शहर बघायचं होतं.

मुक्काम मावशीकडे, कुंभारजुव्याला. जुन्या गोव्याच्या शेजारचंच हे बेट. मावशी मूळची सावंतवाडीची, लग्न होऊन इथे आली आणि मराठी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. तिच्या मराठीत आता कोकणीचा हेल पक्का मुरलाय. मावसभाऊ स्कूटर घेऊन स्टेशनवर आला होता. घरी पोचेपर्यंत दोघंही चिंब.

"भिजलीस गो! आधी डोकं पूस," मावशी टॉवेल देत म्हणाली. "आणि हे बघ, उद्या भटकताना बाहेरचं पाणी पिऊ नको. पावसाचे दिवस, मोडशी होईल."

मोडशी! आमच्याकडे कुडाळलाही म्हातारी माणसं हा शब्द वापरतात. अजीर्ण, उलट्या, जुलाब, पोटात मोडून आल्यासारखं होणं. मावशीला ठाऊक नव्हतं, पण मी ज्याच्या मागावर आले होते त्याचं नाव तिनं उंबऱ्यातच घेतलं होतं.

पोर्तुगीज गोव्यात आले आणि दर पावसाळ्यात त्यांची माणसं उलट्या-जुलाबांनी काही तासांत काळीनिळी पडून मरू लागली. पटकीच ती, म्हणजे कॉलरा. त्यांच्याकडे या रोगाला शब्द नव्हता. त्यांनी इथल्या लोकांचा उचलला. त्यांच्या लिखाणात तो 'मोर्शी', 'मोर्देशी' असा येतो. पुढे फ्रेंचांनी तो ऐकला आणि आपल्या भाषेत त्याचं 'मोर द शियें' करून टाकलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. गावठी शब्द केवढा फिरून आला! रात्री जेवताना मी हे सांगितलं, तर मावशीनं ताटावरचा हात तसाच ठेवून विचारलं, "आमचा मोडशी?" आणि मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

दुसरा दिवस

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत दारात आला. ताजे पाव आणि मुगाची पातळभाजी खाऊन आम्ही निघालो. मावसभावानं मला सेंट पॉल कॉलेजच्या कमानीपाशी सोडलं आणि तो कामाला गेला.

कॉलेज म्हणायला आता एवढंच उरलंय. रस्त्याकडेला जांभ्याची एक उंच कमान, तिच्या भेगांतून उगवलेली झुडपं. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली या कॉलेजात उभा राहिला. जहाज तो घेऊन अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालं होतं, छापखाना इथेच राहिला. छापील अक्षर ज्या जागी या देशात पहिल्यांदा उमटलं, तिथे एखादी मोठी पाटी, एखादं छोटं दालन असायला हवं असं मला मनापासून वाटतं. १५७० मध्ये साथ आली आणि कॉलेज चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी हळूहळू ही जागा सोडली. करमळीचं तळं इथून जवळ. शेवटी एकोणिसाव्या शतकात इमारत पाडून टाकली.

तिथून चालत नदीकडे. वाटेत तो काळ्या दगडाचा 'हातकातरो खांब' लागतो. इथे लोकांचे हात तोडत, असं गोव्यात घरोघर सांगतात. खांबाचा दगड मात्र पोर्तुगीजांचा नव्हे. त्यावर जुन्या लेखाची अक्षरं आहेत आणि तो एखाद्या देवळातून आणलेला असावा असं जाणकार म्हणतात. पुढे सेंट कायतान चर्चच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याचं दार उभं आहे. काळ्या दगडाचे दोन नक्षीदार खांब, वर आडवी तुळई, बाजूला जाळीचे तुकडे. मागे वाडा नाही. पोर्तुगीजांच्या आधी हे एला गाव आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर होतं. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कनं ते घेतलं आणि आदिलशहाच्याच वाड्यात पुढे व्हाइसरॉय राहिले. १८२० मध्ये तो वाडाही पाडला. कायतानच्या आत, मोठ्या घुमटाच्या बरोबर खाली, एक झाकलेली विहीर आहे. मी तिच्या ओट्यापाशी उभी राहिले. या शहराच्या पायाखाली सगळीकडे पाणी होतं आणि तेच त्याला भोवलं.

कसं, ते समजायला जांभा हातात घ्यावा लागतो. व्हाइसरॉयच्या कमानीजवळ एका पडक्या भिंतीतून निखळलेला चिरा पडला होता. त्याचा कोपरा मी हातानं दाबला. लालभडक, भोकाभोकांचा, स्पंजासारखा पाणी धरणारा. बोटाला पाणी लागलं आणि तांबडा गाळ. आमच्या कोकणातली घरं याच दगडाची, त्यामुळे त्याची सवय मला लहानपणापासूनची. पण या दगडावर दोन लाखांची वस्ती, मैला वाहून न्यायला धड गटारं नाहीत, सगळं जमिनीत मुरायचं. आणि प्रत्येक घराची विहीर त्याच जमिनीत, चार पावलांवर. पाऊस पडला की वरचं सगळं खाली, चाळणीतून गेल्यासारखं. ज्यांना परवडे ते शहराबाहेरच्या झऱ्याचं पाणी विकत घेत. गुलाम ते मडक्यांतून दारोदार आणत. बाकीच्यांनी काय प्यायचं?

१५४३ च्या पावसाळ्यात मोडशीची मोठी साथ आली. गास्पार कोरेया हा त्या काळी गोव्यात असलेला बखरकार, त्यानं ते लिहून ठेवलंय. दिवसाला बारा, पंधरा, वीस माणसं पुरली जात होती. प्रत्येक मेलेल्यासाठी चर्चची घंटा वाजायची. घंटा थांबेचना. तेव्हा गव्हर्नरनं हुकूम काढला, मेलेल्यांसाठी घंटा वाजवू नका, लोक घाबरतात. इस्पितळात एक माणूस मोडशीनं मेला, तेव्हा जाणकारांना बोलावून त्याचं शरीर उघडून पाहायला लावलं. त्यांना एवढंच सापडलं की पोट कोंबडीच्या पोटातल्या पेट्यासारखं आक्रसलेलं, करपलेल्या कातड्यासारखं सुरकुतलेलं होतं. शरीरातलं पाणी गेलं होतं, इतकं त्यांना दिसलं. पाणी आलं कुठून, ते कुणी बघितलं नाही.

व्हाइसरॉयच्या कमानीखाली मी पावसाचा आडोसा घेतला. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की याच कमानीतून वाजतगाजत शहरात शिरायचा. कमानीपुढे रस्ता उतरतो तो थेट मांडवीच्या धक्क्यावर, जिथून आता समोरच्या दिवाडी बेटाची फेरी सुटते. फेरीत स्कूटरी, दोन चारचाकी, शाळेची मुलं. समोर दिवाडी धुक्यात बुडालेली. गणपतीची चवथ आठवड्यावर आलेली, त्यामुळे एक बाई माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीचं, सामान घेऊन बसली होती: सुपारीचे शिपटे, कांगलां, रानातली लाल-पिवळी फळं. राजाचं इस्पितळही याच नदीकाठच्या भागात होतं. १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत तिथे पंचवीस हजार सैनिक मेले असा आकडा दिला जातो. युरोपातून सहा-सात महिने समुद्रावर काढून आलेली पोरं ती. या एका आकड्यावर माझं मन किती वेळ अडकून राहिलं ते सांगता येत नाही.

दुपारनंतर सेंट ऑगस्टीन. होली हिलवरचा हा मनोरा फोटोत सगळ्यांनी पाहिलेला असतो, प्रत्यक्षात त्याखाली उभं राहिलं की मान दुखते. ४६ मीटर उंच, निव्वळ जांभ्याचा. १५९७ मध्ये चर्च बांधायला घेतलं, १६०२ मध्ये पुरं झालं. १८३५ मध्ये मठ बंद करून पाद्री घालवले, सात वर्षांत छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. आता जे उभं आहे ते एका बाजूनं कापल्यासारखं दिसतं.

पण इथे मान वर करण्यापेक्षा खाली बघा. चर्चची जमीन सगळी थडग्यांच्या दगडांनी फरसबंद आहे. छत नसल्यामुळे पाऊस थेट त्यांवर पडतो. एका दगडापाशी मी उकिडवी बसले. वर कुळाचं चिन्ह, खाली कवटी आणि दोन आडवी हाडं, मग अक्षरांच्या ओळी. कोरलेल्या अक्षरांत पाणी साचलं होतं आणि त्यामुळे अक्षरं आभाळाच्या रंगाची झाली होती, दगड काळा आणि अक्षरं पांढुरकी. वारा आला की सगळी ओळ थरथरे. कवटीच्या डोळ्यात एक इवलासा बेडूक बसला होता. याच अवशेषांत जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या. तिला १६२४ मध्ये शिराझला मारलं होतं आणि ऑगस्टीन पाद्र्यांनी त्या अस्थी गोव्याला आणल्या होत्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून खात्री झाली आणि २०२१ मध्ये त्या जॉर्जियाला दिल्या.

एका रात्रीत काहीच कोसळलं नाही, हे इथे बसल्यावर उमगलं. भूकंप नाही, लाट नाही. दर पावसाळ्यात थोडी माणसं मेली, दर उन्हाळ्यात थोडी उठून गेली. मांडवीत गाळ भरत गेला, व्यापार डचांनी तोडला. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराज शेजारच्या जुवे बेटापर्यंत येऊन धडकले, तेव्हा व्हाइसरॉयनं झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड संताच्या हवाली केला आणि राजधानी मुरगावला हलवायचं घाटू लागलं. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या दिशेला पानेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीला. १७७४ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं फर्मान काढलं की जुनं शहर पुन्हा वसवा. कामाला मजूर लावले. ते तापानं मरू लागले आणि काम सोडून द्यावं लागलं. मग लोकांनी जुन्या घरांचे चिरे, दारं, खिडक्या काढून नेल्या आणि पणजी बांधली. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

परतताना तहान फार लागली होती. बाटली रिकामी. रस्त्याकडेच्या गाड्यावर लिंबूसोडा घेतला, बर्फ घालून.

तिसरा दिवस

पहाटे तीनपासून उलट्या. त्यापुढचं सांगण्यासारखं नाही. मावशी एक शब्द रागावली नाही. कपाळावर हात ठेवून बसून राहिली, आणि उजाडल्यावर पेज घेऊन आली. उकड्या तांदळाची, पातळ, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन-तीन मिरे ठेचून घातलेले, मीठ चवीपुरतं. "घोटघोट घे. एकदम नको."

पहिल्या वाटीला अर्धा तास लागला. दुसरी बरी गेली. तिसरीच्या वेळी मला एकदम आठवलं आणि मी पिशवीतून वही काढायला लावली. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात तो मोडशीबद्दल लिहितो आणि इथले लोक रोग्याला काय देतात तेही लिहितो: तांदळाचं पाणी, त्यात मिरे आणि जिरे.

मी ते मावशीला वाचून दाखवलं. ती पलंगाच्या काठावर बसली होती, मांडीवर रिकामी वाटी.

"माझी सासू करायची," ती म्हणाली. "तिची सासू करायची. मी कुणाला विचारलं नाही कधी, की हे कुठलं."

दुपारभर झोपले. बाहेर काका आणि शेजारची मुलं सांगोडासाठी होड्या कुणाच्या मिळतील याची चर्चा करत होते. चवथीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्यात दोन होड्यांची सांगड बांधून त्यावर देखावे करतात आणि पाण्यातून गणपती विसर्जनाला नेतात. झोपेत त्यांचे आवाज येत राहिले. एक विचार मात्र डोक्यातून जाईना. मीठ आणि पेज एवढ्यावर शरीरातलं पाणी टिकतं, हे इथल्या स्वयंपाकघरांना ठाऊक होतं. त्या पंचवीस हजारांतल्या किती जणांच्या उशाशी कुणी वाटी घेऊन बसलं असेल?

चौथा दिवस

अंगात त्राण नव्हतं तरी गोवा वेल्हाला गेलेच. मावशीनं उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घातल्या आणि भावाला बजावलं, "तिला कुठे काही घेऊन देऊ नको."

नावाचा गोंधळ होतो म्हणून सांगते. 'वेल्हा' म्हणजे पोर्तुगीजमध्ये जुनं. पोर्तुगीज आले तेव्हा जुवारी नदीकाठच्या या गावालाच ते जुनं गोवं म्हणत, कारण ते आधीच ओस पडलेलं होतं. हे कदंब राजांचं गोपकपट्टण. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीनं राजधानी चांदरहून इथे आणली. अरबस्तानाशी व्यापार चाले. पुढे दिल्लीच्या सुलतानांच्या स्वाऱ्या, मग बहामनी. त्याच काळात जुवारीच्या या काठाला गाळानं बंदर बुजत गेलं. जहाजं मांडवीच्या बाजूला, एलाला लागू लागली. म्हणजे एक शहर गाळानं मेलं म्हणून दुसरं वाढलं, आणि ते मोडशीनं मेलं म्हणून तिसरं.

बंदराच्या जुन्या भिंतीचा उरलेला भाग राजवीथी म्हणून ओळखला जातो. चिखलातून, गुडघाभर गवतातून आम्ही तिथवर गेलो. जांभ्याचे चिरे, शेवाळलेले, कुठे मातीत गडप. एके काळी जिथे जहाजं लागत तिथे आता भाताची खाचरं आणि चिखल. एका बांधावर बगळा. फार वेळ थांबवलं नाही, माझे पाय लटपटत होते. पिलारच्या टेकडीवर मठाच्या छोट्या संग्रहालयात कदंबकालीन दगड बघितले आणि परतलो.

संध्याकाळी पुन्हा पेज. या वेळी सोबत लोणच्याची फोड मिळाली.

पाचवा दिवस

निघायच्या दिवशी मावशीही पणजीपर्यंत आली, चवथीचा बाजार करायला. साडेअकराची सावंतवाडीची कदंब बस धरायची होती. हातात तासभर होता म्हणून आम्ही चर्च चौकात गेलो. तिथल्या पांढऱ्या, जिन्याजिन्यांच्या चर्चच्या माथ्यावर जी घंटा टांगली आहे, ती सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यातली. मधली काही वर्षं ती आग्वादच्या दीपगृहावर होती, १८७१ मध्ये इथे चढवली. वजन सुमारे २२५० किलो. आकारानं गोव्यात तिच्यापेक्षा मोठी एकच, से कॅथेड्रलची.

चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ऑर्ताचं नाव आहे. तो मेला १५६८ मध्ये. तो छुपा ज्यू होता असं ठरवून बारा वर्षांनी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली. मावशी बागेतल्या बाकावर पिशव्या घेऊन बसली. पावसानं उघडीप दिली होती.

जिना झाडणाऱ्या माणसाला मी विचारलं, घंटा कधी वाजते? तो म्हणाला, "बाराक."

मी मावशीकडे बघितलं. तिनं घड्याळ बघितलं, पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली आणि बाकावर सरकून जागा केली. साडेअकराची कदंब आम्ही जाऊ दिली.